रिपोर्ट मेंदूचा की किडनीचा?

डायलिसिसवरच्या माणसाला नागपुरात राहून संत्रे वर्ज्य, कारण पोटॅशियम. तरी काहीजण दर खेपेला विचारतात, "डॉक्टर, एखादं संत्रं चालेल का?" सगळे हसतात, टेक्निशियन वजन लिहून घेतो, फिस्तुलात सुई जाते. हा जिभेचा हट्ट नसून मागचे उत्तरच स्मरणात राहिले नसेल, ही शंका फारशी कुणाला येत नाही. नागपूरच्या 'मेडिकल' आणि 'मेयो' या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या ज्या तरुणांना ती येईल, त्यांचे या विषयात स्वागत आहे.

मिनियापोलिस परिसरात मरे आणि सहकाऱ्यांनी डायलिसिसवरच्या, वयाची पंचावन्नी गाठलेल्या ३७४ जणांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे असे: ३७ टक्के लोकांची आकलनशक्ती बरीच खालावलेली, आणि केसपेपरवर तशी नोंद ३ टक्क्यांचीही नाही. यात नवल नाही. असा माणूस गप्पा नीट मारतो. अडतो तो गोळ्यांचा हिशेब ठेवताना. वार विचारला तर अचूक सांगतो, कारण सोम-बुध-शुक्र त्याच्या अंगवळणी पडलेले असतात!

डायलिसिसवर मेंदू का बिघडतो, याचे उत्तर एके काळी सोपे होते. १९७२ मध्ये डेन्व्हरच्या अल्फ्री यांनी डायलिसिसच्या रुग्णांत बोलणे अडखळणारा, झटके आणणारा आजार वर्णिला. १९७६ मध्ये त्याचा संबंध मेंदूत साठलेल्या ॲल्युमिनियमशी जोडला गेला. पाणी शुद्ध केले, ॲल्युमिनियमची औषधे आवरली आणि तो आजार दुर्मीळ झाला.

आजचे बायोमार्कर, म्हणजे आजाराचा माग देणाऱ्या रक्तातल्या खुणा, इतके सरळ नाहीत. चेतातंतू झिजले की न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन रक्तात वाढते. पण मूत्रपिंड मंदावले तरीही ते वाढते. मोरी तुंबली की नळ तेवढाच सुरू असून पाणी चढते, तसे. अल्झायमरसाठी गाजणाऱ्या फॉस्फो-टाऊचेही तेच. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा एकूण टाऊशी त्याचे गुणोत्तर अधिक भरवशाचे ठरते. अमायलॉइड तर लहान रेणू, काही प्रमाणात डायलायझरमधूनच निघून जातो. नमुना मशीन लावण्याआधीचा की नंतरचा, हे ज्या शोधनिबंधात लिहिलेले नाही तो मी बाजूला ठेवतो. निरोगी मूत्रपिंडांवर बेतलेली मर्यादा इथे लावून कुणाला स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारणे हा तर अन्यायच.

विदर्भाची गुंतागुंत आणखी वेगळी. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी 'लॅन्सेट'मधून मध्य भारतातील सिकलसेलची नोंद जगापुढे मांडली. हा आजार मूत्रपिंडेही बिघडवतो आणि मेंदूत मूक आघातही घडवतो. अशा रुग्णाच्या वाढलेल्या आकड्यात कोणाचा वाटा किती, हा प्रश्न सोडवायला नागपूरइतकी योग्य जागा क्वचितच मिळेल.

रक्ताच्या जोडीला बुद्धीची चाचणी हवीच, आणि ती शाळेची पायरी न चढलेल्यालाही देता यावी. शंभरातून सात-सात वजा करायला लावणारी नको. ती मशीन सुरू असताना घेऊ नये: त्या चार तासांत रक्तदाब उतरतो, मेंदूचा रक्तपुरवठाही घटू शकतो. दुसऱ्या दिवशी बोलवावे, तर गडचिरोलीहून येणाऱ्याची आणि सोबतच्या मुलाची मजुरी बुडते. उरतो तो सुई टोचण्याआधीचा अर्धा तास. नमुनाही तेव्हाच घ्यावा.