फुफ्फुसाच्या प्रगत कर्करोगात किरणोपचार व प्रतिकारशक्ती-उपचार यांचा संयोग : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कर्करोगावरील किरणोपचार आणि प्रतिकारशक्ती-उपचार (इम्युनोथेरपी) या दोन पद्धतींचा जन्म एकाच दशकात झाला. तरीही त्या एकत्र येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. हा विलंब का झाला आणि संयोगातून नेमके काय हाती आले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन स्वतंत्र प्रवाह :
१८९१ मध्ये न्यूयॉर्क येथील शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी रुग्णाच्या शरीरात जिवाणू टोचून कर्कगाठ विरघळविण्याचा प्रयोग केला. १८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. किरणांची मात्रा मोजता येत असे. कोलींच्या लसीचा परिणाम मात्र अनिश्चित होता. साहजिकच किरणोपचार रुग्णालयांत रुजला व कोलींची पद्धत मागे पडली. किरणांमुळे पांढऱ्या पेशी नष्ट होत असल्याने किरणोपचार हा प्रतिकारशक्तीचा शत्रूच होय, अशी धारणा दृढ झाली.

धारणेला तडा :
१९५३ मध्ये ब्रिटिश संशोधक आर. एच. मोल यांनी किरणांचा मारा झालेल्या भागापासून दूर दिसणाऱ्या परिणामास 'ॲब्स्कोपल' ही संज्ञा दिली. १९७९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, टी-पेशी नसलेल्या उंदरांतील गाठ नष्ट करण्यास दुपटीहून अधिक किरणमात्रा लागते. याचा अर्थ, किरणांच्या यशात प्रतिकारशक्तीचाही वाटा होता. किरणांनी मृत झालेल्या पेशींतील प्रथिने टी-पेशींना शत्रूची ओळख पटवितात. परंतु गाठीवरील पीडी-एल१ हे प्रथिन टी-पेशींना रोखून धरते. १९९२ मध्ये होंजो यांच्या प्रयोगशाळेत पीडी-१ चा शोध लागला व पुढे हा अडसर दूर करणारी औषधे निर्माण झाली. या क्षेत्रातील कार्याबद्दल ॲलिसन व होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

संयोगाची कसोटी :
शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांवरील 'पॅसिफिक' चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. किरणोपचार व रसायनोपचार पूर्ण झाल्यानंतर ड्युरव्हॅलुमॅब दिले असता रोग न वाढता गेलेला मध्यमान कालावधी ५.६ महिन्यांवरून १६.८ महिन्यांवर गेला. पाच वर्षांनी ४२.९ टक्के रुग्ण हयात होते. तुलना-गटात हे प्रमाण ३३.४ टक्के होते. मात्र तेच औषध किरणोपचारासोबतच सुरू करणाऱ्या 'पॅसिफिक-२' चाचणीत (२०२४) लक्षणीय लाभ दिसला नाही. रोग शरीरभर पसरलेल्या रुग्णांवरील नेदरलँड्समधील चाचणीत (२०१९) प्रतिसाद १८ वरून ३६ टक्क्यांवर गेला, तथापि पूर्वनिश्चित निकष पूर्ण झाला नाही.

निष्कर्ष :
दोन प्रभावी उपचारांची केवळ बेरीज केल्याने लाभ दुप्पट होत नाही. त्यांचा क्रमही निर्णायक ठरतो, असे या इतिहासावरून दिसते. जुनी धारणा अपुरी होती, पण सर्वस्वी चुकीची नव्हती : किरण प्रतिकारशक्तीला जागे करतात, तसेच तिचे सैनिकही मारतात. भारताच्या दृष्टीने खर्चाचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०२२ मध्ये डोके व मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅबची अत्यल्प मात्राही आयुष्य वाढविते, हे दाखविले. फुफ्फुसाच्या कर्करोगात किरणोपचारानंतर अशी अल्पमात्रा पुरेल काय, हा प्रश्न आपल्याकडील संशोधकांनीच हाती घेणे अगत्याचे आहे. कारण त्याच्या उत्तरावर अनेक सामान्य रुग्णांचे आयुष्य अवलंबून आहे.