डासाची अंडी आणि कुलाब्यातल्या माश्या

बारामतीजवळच्या पणदऱ्यात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. पेशीचं आवरण आत दबतं, तिथे खळगी पडते, खळगीचा गळा आवळून पुटिका सुटते आणि आत वाहून जाते. पुस्तकात हे एका आकृतीत उरकलेलं असतं. मला ते उरकणं पटत नाही. ती आकृती कागदावर यायला माणसांची उमेदीची वर्षं गेली, आणि त्यातली काही आपल्या मुंबईत गेली.

म्हणून मी डासापासून सुरुवात करतो. नळाला रोज पाणी नसलं की घरोघरी बॅरल भरलेली असतात, तेव्हा डेंग्यूच्या डासाची ओळख मुलांना करून द्यावी लागत नाही. १९६४ साली थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी त्याच जातीच्या मादीची अंडपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिली. मादी रक्त प्यायली की बलकाचं प्रथिन आत घेण्यासाठी खळग्या वाढू लागतात. सात तासांत तीन लाखांवर! खळगीच्या पेशीद्रवाकडच्या बाजूला काटेरी थर दिसला. त्या थरातलं क्लॅथ्रिन हे प्रथिन पुढे केंब्रिजला बार्बरा पिअर्स यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं.

पण गळा आवळतं कोण? हे कळलं ते माशीमुळे. गुऱ्हाळावर, पिकल्या केळ्यांवर घोंघावतात ना, त्या चिलटांच्या भाऊबंदांतली ही. १९७३ मध्ये कॅनडात ‘शिबिरे’ नावाचा तिचा एक वाण नोंदवला गेला. कुपी २९-३० अंशांवर नेली की या माश्या पाय आखडून पडतात, गार केली की थोड्याच वेळात उठून चालू लागतात. पडलेल्या माशीच्या चेतातंतूंच्या टोकांशी खळग्या तशाच अडकलेल्या दिसल्या, तयार पण न तुटलेल्या. १९९१ मध्ये बिघडलेलं जनुक सापडलं: डायनॅमिनचं. नाडीने पिशवीचं तोंड आवळावं तसं हे प्रथिन खळगीच्या गळ्याभोवती गुंडाळलं जातं.

इथे कुलाबा येतं. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) रेणवीय जीवशास्त्राचं काम सुरू केलं. १९७६ मध्ये त्यांनी आणि सीमोर बेंझर यांनी उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर निबंध लिहिला. त्यातली ‘कोमाटोज’ एकदा पडली की गारव्यातही लवकर उठत नाही. तिचं जनुक १९९५ च्या सुमारास ओळखलं गेलं. पुटिका आवरणात मिसळताना एकमेकांत गुंतलेली प्रथिनं सोडवणारं प्रथिन त्यातून बनतं. जेम्स रॉथमन यांच्या ज्या कामाला २०१३ चं नोबेल मिळालं, त्यात हेच प्रथिन होतं. कुलाब्यात के. एस. कृष्णन यांनी अशा माश्यांवर पुढे बरीच वर्षं काम केलं. ही नावं आमच्या मुलांच्या वहीत असायलाच हवीत.

आणि आता तर हे काम बारामतीहून एसटीने गाठता येईल इतकं जवळ आलं आहे. पुण्यात पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत थॉमस पुकाडियिल यांच्या गटाने काचेवर स्निग्ध आवरणाच्या बारीक नळ्या तयार केल्या. त्यांवर डायनॅमिन आणि त्याला ऊर्जा पुरवणारं जीटीपी सोडलं की नळी ठिकठिकाणी तुटताना सूक्ष्मदर्शीत समोर दिसते. बारावीची तुकडी तिथे न्यायची माझी फार इच्छा आहे.