दशावतार लेणे, वेरूळ

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळच्या लेणीसमूहातील क्रमांक १५ चे दुमजली हिंदू लेणे. त्याचे खोदकाम आठव्या शतकातले. अंगणात एकसंध खडकातून मोकळा सोडलेला मंडप असून त्याच्या भिंतीवर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. मांडणी विहारासारखी असल्याने हे मूळचे बौद्ध लेणे असावे, असे काही अभ्यासक मानतात.

मुख्य शिल्पवैभव वरच्या मजल्यावर आहे. उत्तरेकडील भिंतीवर प्रामुख्याने शैव आणि दक्षिणेकडील भिंतीवर वैष्णव मूर्ती कोरल्या आहेत. नावात दशावतार असले तरी दहाही अवतार येथे नाहीत. वराह, वामन-त्रिविक्रम, नरसिंह आणि गोवर्धनधारी कृष्ण ठळकपणे दिसतात. नरसिंहपटात हिरण्यकशिपू मांडीवर आडवा पडलेला नाही. ढाल-तलवार घेऊन तो उभा आहे आणि नरसिंहाचा हात त्याच्यावर पडला आहे. वधाऐवजी झुंजीचा क्षण निवडणे, हे या शिल्पकाराचे खरे कौशल्य. शैव पटांत भैरवाचा अंधकासुरवध सर्वांत उग्र: विस्फारलेले डोळे, विचकलेले दात, गळ्यात नरमुंडांची माळ आणि खाली हाडांचा सापळा झालेली काली. वेरूळ लेण्यांचा समावेश १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला.