उगुइसु की चष्मेवाला?

मंडळी, एका कबुलीने सुरुवात करतो. गेली पाच वर्षं हिगाशी-कसाईत राहून मी सातारा जिल्ह्यातल्या समस्त नातेवाइकांना एका पक्ष्याचं चुकीचं नाव सांगत आलो.

आमचं घर तळमजल्यावर. समोर घरमालकीणबाईंचं उमेचं झाड आहे. उमे म्हणजे आपल्या जर्दाळूचा भाऊबंद. फेब्रुवारीत, ऐन थंडीत, अंगावर एक पान नसताना ते फुलतं, आणि पोपटी रंगाचे चिमुकले पक्षी फुलांत चोच खुपसत उलटेसुलटे लटकतात. "उगुइसु," असं घरमालकीणबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, जन्म इथलाच. मी कोण शंका घेणार? फोटो काढले, खाली "जपानची कोकिळा, उगुइसु" असं लिहून सगळ्या ग्रुपांवर धाडून दिले.

यंदा फेब्रुवारीत आई-बाबा आले. दुसऱ्याच सकाळी बाबा चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे होते. म्हणाले, "अरे, हा तर आपला चष्मेवाला! वाईला मागच्या जास्वंदीवर येतो तोच." मी जपानी परंपरेवर छोटं भाषण दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल. पण डोळ्याभोवतीचं पांढरं कडं बघ की."

पहिलीत गेलेली आमची कन्या शाळेत उमेवरच्या उगुइसुचं चित्र नेणार होती. तिने हातातला हिरवा खडू खाली ठेवला आणि विचारलं, "मग आजोबा बरोबर की ओबाआचान?" आता घरात आजोबा आणि दाराशी घरमालकीण, दोघांचाही मान राखायचा. आम्हा आयटीवाल्यांना एवढंच येतं, बग नेमका कुठून शिरला ते शोधायचं. शोधत गेलो तर तेराशे वर्षं मागे जावं लागलं.

आधी निकाल सांगून टाकतो. बाबा बरोबर होते. झाडावरचा पक्षी मेजिरो. 'मे' म्हणजे डोळा, 'जिरो' म्हणजे पांढरा. आपल्या चष्मेवाल्याचा अगदी सख्खा नातलग; शास्त्रीय नावात दोघांचं कुळ एकच, झोस्टेरॉप्स. त्याच्या जिभेचं टोक कुंचल्यासारखं असतं, त्यामुळे फुलांतला मध हे त्याचं आवडतं खाणं. उगुइसु दिसायला अगदीच साधा: मळकट हिरवट-तपकिरी अंग, भुवईसारखी फिकट रेघ. मधाचं त्याला फारसं कौतुक नाही, तो किडे खातो, आणि झुडपांच्या गचपणातून सहसा बाहेर येत नाही. पण गळा! "होऽऽ होकेक्यो" अशी त्याची तान. होकेक्यो हे सद्धर्मपुंडरीक सूत्राचं जपानी नाव. म्हणजे हा पक्षी इथल्या लोकांच्या कानाला चक्क आपल्याकडून आलेल्या ग्रंथाचा जप करतो.

थोडक्यात, एक ऐकू येतो पण दिसत नाही. दुसरा दिसतो पण त्याचं गाणं फारसं कुणी लक्षात ठेवत नाही. दोघांचा मोसम एकच. मग एकाचा आवाज दुसऱ्याच्या अंगावर चिकटला.

पण चिकटवला कुणी? इसवी सन ७३० मध्ये दाझाइफू इथे ओतोमो नो ताबितो या अधिकाऱ्याच्या घरी उमेच्या फुलांची मेजवानी झाली. तिथल्या ३२ कविता 'मान्योशू' या संग्रहात आहेत, आणि २०१९ साली सुरू झालेल्या 'रेइवा' या कालखंडाचं नाव त्यांच्याच प्रस्तावनेतून घेतलेलं आहे. त्यातल्या काही कवितांत उमेबरोबर उगुइसु येतो. माझ्या मते कवी चुकले नव्हते. फुलं उमलतात आणि झुडपातून तान येते, वसंताच्या या दोन खुणा त्यांनी शेजारी ठेवल्या. घोटाळा चित्रांनी वाढवला असावा. चित्रात आवाज काढता येत नाही, पक्षी फांदीवर बसवावाच लागतो. मुलं हानाफुदाचे पत्ते खेळतात त्यात फेब्रुवारीचं पान पाहा. उमेच्या फांदीवर उगुइसु बसलाय आणि रंग बऱ्याचदा हिरवा. (निन्तेन्दो कंपनी १८८९ साली सुरू झाली ती हेच पत्ते बनवायला. हे सांगितल्यावर आमच्या घरी इतिहासाला अचानक भाव आला.)

मात्र एदो काळातल्या सामान्य माणसाला उगुइसुचा खरा रंग पक्का माहीत होता. त्या काळी 'उगुइसु-चा' नावाचा कापडाचा रंग बायकांत लोकप्रिय होता, आणि तो तपकिरीकडे झुकणारा आहे. माहीत असण्याचं कारण साधं: लोक हे पक्षी पिंजऱ्यात पाळत. गाण्याच्या स्पर्धा भरत. पिल्लाला चांगल्या गाणाऱ्या पक्ष्याशेजारी ठेवून तालीम देत. गंडा तेवढा बांधायचा राहिला! हिवाळ्यात संध्याकाळनंतरही दिवा लावून ठेवत, म्हणजे दिवस मोठा झाला असं वाटून पक्षी नववर्षालाच गाऊ लागे.

उएनोजवळच्या उगुइसुदानी स्टेशनची गोष्ट तर पुणेकरांनी मुद्दाम ऐकावी. गेन्रोकु काळात, म्हणजे १६८८ ते १७०४ च्या दरम्यान, क्योतोहून आलेल्या कानएइ-जी मंदिराच्या राजवंशी मठाधिपतींना एदोच्या उगुइसुंचे उच्चार गावठी वाटले. म्हणून त्यांनी क्योतोचे शुद्ध बोलणारे उगुइसु मागवून इथे सोडले, असं सांगतात.

पुढे काळ बदलला. रानपक्षी पाळण्यावर बंधनं येत गेली. शेवटी घरटी एक मेजिरो, तोही परवाना काढून, एवढीच सवलत उरली होती. २०१२ पासून हौसेसाठी मेजिरो पकडायलाही परवाना मिळेनासा झाला. पक्ष्यांच्या दृष्टीने हे उत्तमच झालं. पण पिंजऱ्यातला उगुइसु गेला आणि त्याचा रंग जवळून पाहिलेली माणसंही गेली. उरलं नाव. ते अंगणात दिसणाऱ्या हिरव्या पक्ष्यावर जाऊन बसलं असावं, असा माझा तर्क. आज 'उगुइसु रंग' म्हटलं की बहुतेकांना पोपटी आठवतो. १९६३ साली यामानोते लाइनवर आलेल्या गाड्यांचा पोपटी रंग याच नावाने ओळखला जाई. गंमत म्हणजे त्याच लाइनवर मेजिरो नावाचंही स्टेशन आहे, आणि त्याचा पक्ष्याशी काडीचा संबंध नाही! ते नाव पांढऱ्या डोळ्यांच्या फुदोचं, आणि फुदो म्हणजे आपला संस्कृतातला अचल.

जपान्यांना हसण्याआधी आपणही आरशात बघावं. आपण बिनदिक्कत 'कोकिळा गाते' म्हणतो. कुहूकुहू करतो तो काळा नर. ठिपक्याठिपक्यांची मादी असं गात नाही. शाळेच्या पुस्तकांपासून गायिकांच्या पदव्यांपर्यंत सगळीकडे गाणं तिच्याच नावावर. आणि 'चिमणीच तर आहे' म्हणून आपण किती पक्षी सोडून दिले असतील! मुंबईत १९०८ च्या सुमारास एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. त्यांनी पक्षी ओळखला आणि कपाटांतला संग्रह उघडून दाखवला. तो मुलगा सालिम अली. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं.

घरमालकीणबाईंना सांगायचं धाडस मला होईना. ते काम कन्येने परस्पर उरकलं. चित्रात तिने हिरवा पक्षी फांदीवर काढला, तपकिरी खाली झुडपात, आणि ते त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "म्हणजे मी ऐंशी वर्षं त्याला नुसतं ऐकलंच," एवढंच म्हणाल्या.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी आम्ही त्यांना घेऊन कसाई रिंकाइ पार्कला गेलो. आई-बाबांचं परतीचं विमान बुधवारचं होतं. पाणथळ बाजूच्या वाटेवर, वाळक्या वेतासारख्या गचपणातून तान आली. आधी अर्धवट, मोसमाच्या सुरुवातीला असते तशी, मग पुरी. घरमालकीणबाई जागीच थांबल्या. बाबांनी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. भाषा एकमेकांची कळत नव्हती, तरी दोघं पंधरा-वीस मिनिटं त्या झुडपाकडे बोट दाखवत, मान वाकवत उभे होते. फांदी दोनदा हलली. पक्षी काही दिसला नाही.

परत निघताना बाबांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाले, "दुर्बीण त्यांच्याकडेच राहू दे."