‘सेनापती’: एका पदवीतले स्मारक

स्मारक म्हटले की आपण दगड-धातूकडे पाहतो. मुळशी सत्याग्रहाचे सर्वांत परिचित स्मारक मात्र एक शब्द आहे, असे आम्हांस वाटते: ‘सेनापती’.

मारुंजी हे मुळशी तालुक्याच्या पूर्वेचे गाव. त्याच तालुक्याच्या पश्चिमेस, मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांनी बांधलेले मुळशीचे धरण आहे. त्यात बुडणाऱ्या जमिनींसाठी मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह आरंभिला. १९२४ पर्यंत तो मोडला, धरण झाले. पांडुरंग महादेव बापट यांना या लढ्याने दिलेली पदवी तेवढी टिकली. पुण्यात त्या नावाचा रस्ता आहे, १९७७ चे टपाल तिकीटही आहे. मुंबईतला सेनापती बापट मार्ग तर दादरहून लोअर परळकडे, जुन्या गिरणगावातून जातो. मुळशीची वीज ज्या गिरण्यांकडे गेली, त्यांच्याच दारावरून.

पदवी नायकाला अमर करते, फौजेला अनाम ठेवते. ज्यांच्यामुळे बापट सेनापती ठरले, त्या शेतकऱ्यांची शेतेघरे जलाशयाच्या तळाशी आहेत. हा शब्द वर्गात उच्चारताना ‘सेनापती कोणाचे?’ एवढे तरी आपण विचारावयास हवे.