छ्वानझौ : पांगाऱ्याच्या फुलांचे बंदर

चीनच्या आग्नेय भागातील फुजियान प्रांतात, तैवानच्या सामुद्रधुनीच्या किनाऱ्यावर छ्वानझौ हे प्राचीन शहर वसलेले आहे. मध्ययुगातील अरब आणि युरोपीय प्रवासी या शहराला 'झैतून' या नावाने ओळखत. शहराभोवती लावण्यात आलेल्या 'त्सथुंग' वृक्षांवरून हे नाव रूढ झाले असे मानले जाते. लालभडक फुलांनी बहरणारा हा वृक्ष म्हणजे आपल्याकडील पांगारा होय.

सोंग राजवटीने १०८७ साली येथे सागरी व्यापाराचे कार्यालय स्थापन केले आणि शहराच्या वैभवाचा काळ सुरू झाला. चिनी मातीची भांडी आणि रेशीम येथून परदेशी जात असे, तर मिरी, सुगंधी लाकूड आणि औषधी द्रव्ये येथे उतरत. मार्को पोलो आणि इब्न बतूता या दोघांनीही या बंदराची गणना जगातील अग्रगण्य बंदरांमध्ये केली आहे. १९७४ साली येथील खाडीच्या गाळातून सोंगकालीन लाकडी जहाज उत्खनन करून काढण्यात आले. त्याच्या १३ कप्प्यांमध्ये मिरी व सुगंधी लाकडाचे अवशेष सापडले.

व्यापाऱ्यांबरोबर त्यांचे धर्मही या शहरात आले. इ.स. १००९च्या सुमारास उभारलेली छिंगजिंग मशीद ही चीनमधील सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक आहे. जगातून जवळजवळ लुप्त झालेल्या मानी पंथाच्या संस्थापकाची १३३९ सालची पाषाणमूर्ती शहराजवळच्या जिनजियांग येथे आजही पाहावयास मिळते. भारतीयांच्या दृष्टीने विशेष म्हणजे, येथे तमिळ व्यापाऱ्यांनी शिवमंदिर उभारले होते. १२८१ सालचा तमिळ व चिनी भाषांतील शिलालेख त्याची साक्ष देतो. हे मंदिर आज अस्तित्वात नाही. मात्र त्याच शैलीतील, नरसिंह आणि श्रीकृष्णाच्या लीला कोरलेले दोन स्तंभ ६८६ साली स्थापन झालेल्या काययुआन या बौद्ध मंदिरात आहेत. पुढे मिंग काळातील जीर्णोद्धारात ते तेथे बसविण्यात आले.

याच मंदिराच्या आवारातील दोन दगडी मनोरे तेराव्या शतकातील असून ४० मीटरहून अधिक उंच आहेत. १६०४ सालच्या प्रचंड भूकंपातही ते उभे राहिले. भरती-ओहोटीच्या पाण्यावर उभा असलेला लुओयांग पूल १०५९ साली पूर्ण झाला. त्याच्या पायाचे दगड घट्ट सांधले जावेत यासाठी त्यांवर कालवे वाढविण्यात आली होती.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र चित्र पालटले. युआन राजवटीच्या अखेरीस येथे सुमारे दहा वर्षे बंडाळी चालली आणि परदेशी व्यापारी वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. पुढे मिंग राजवटीने खासगी सागरी व्यापारावर निर्बंध घातले, बंदरही गाळाने भरत गेले. उदरनिर्वाहासाठी हजारो कुटुंबांनी तैवान आणि आग्नेय आशियाची वाट धरली.

शहराच्या पुनरुत्थानात या स्थलांतरितांच्या वंशजांचा वाटा मोठा आहे. १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांच्या काळात त्यांनी पाठविलेले भांडवल आणि स्थानिक लोकांची उद्यमशीलता यांच्या बळावर गावोगावी छोटे कारखाने उभे राहिले. जिनजियांग हे आज पादत्राणे आणि क्रीडावस्त्रांच्या उद्योगाचे प्रमुख केंद्र असून 'आन्टा' ही कंपनी मूळची तेथीलच आहे. देहुआची शुभ्र चिनी मातीची भांडी, हुईआनचे पाषाणशिल्प आणि आनशीचा 'थियेक्वानयिन' चहा यांनाही मोठी बाजारपेठ आहे. २०२० साली छ्वानझौच्या अर्थव्यवस्थेने एक लाख कोटी युआनचा टप्पा ओलांडला. कंटेनर वाहतुकीत शेजारचे शियामेन बंदर आज बरेच पुढे आहे. छ्वानझौची भिस्त आता प्रामुख्याने खासगी कारखानदारीवर आहे.

सांस्कृतिक परंपराही येथे जिवंत आहेत. 'नानयिन' या प्राचीन संगीतप्रकाराचा युनेस्कोने २००९ साली अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. शुनपू या मच्छीमार वस्तीतील स्त्रिया अंबाड्याभोवती ताज्या फुलांची वलये माळतात आणि तेथील जुन्या घरांच्या भिंती कालवांच्या शिंपल्यांनी बांधलेल्या आहेत.

२०२१ साली शहरातील व परिसरातील २२ स्थळांना एकत्रितपणे जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २०२३ साली सुरू झालेल्या फूझौ-शियामेन द्रुतगती रेल्वेमुळे येथे पोहोचणे अधिक सुलभ झाले आहे. त्या वर्षापासून शुनपूची पुष्परचना करून छायाचित्रे काढण्यासाठी पर्यटकांची गर्दी होऊ लागली. या गर्दीमुळे गावाला उत्पन्नाचे नवे साधन मिळाले आहे. त्याचबरोबर जुनी वस्ती केवळ पर्यटकांची बाजारपेठ न होता रहिवाशांचे घर म्हणून टिकविण्याची जबाबदारीही छ्वानझौवर आली आहे.