दिनविशेष : २ जुलै
१९९० : गायक आणि ड्रॅग कलाकार सुशांत दिवगीकर ऊर्फ राणी कोहिनूर यांचा मुंबईत जन्म. स्त्री किंवा पुरुष अशा एकाच चौकटीत स्वतःला न बसवणारी ही ओळख त्यांनी कधी लपवली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता देणारा निकाल १५ एप्रिल २०१४ रोजी दिला. त्याच वर्षी दिवगीकर यांना ‘मिस्टर गे इंडिया’ हा किताब मिळाला आणि ‘बिग बॉस’च्या आठव्या पर्वातून हा चेहरा घराघरांत पोहोचला.

गाण्याची खरी दखल घेतली गेली ती २०१८ मध्ये. ६ सप्टेंबरला न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले आणि पुढच्याच महिन्यात झी टीव्हीच्या ‘सा रे ग म प’मध्ये राणी कोहिनूर पूर्ण साजशृंगारात उभी राहिली. पुरुषी आणि बायकी अशा दोन्ही आवाजांत गाण्याची हातोटी हे या गायकीचे वैशिष्ट्य. त्यामुळे युगुलगीताला दुसरा गायक लागतच नाही. २०२० मध्ये ‘फोर्ब्स’च्या तिशीच्या आतील आशियाई गुणवंतांच्या यादीतही दिवगीकर यांचे नाव झळकले.